कपाटातली भांडी आणि कर्नेलची मॉड्यूल्स
(मंडळाच्या कार्यक्रमात केलेल्या भाषणावरून)

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा आधार संपला आणि विंडोज ११ न चालणारे धडधाकट लॅपटॉप घरोघरी अडगळीत गेले. कौन्सिलच्या टिपवर टाकण्याआधी त्यावर लिनक्स घालून बघा. मग प्रश्न येतो तो मॉड्यूल्सचा.

मॉड्यूल म्हणजे कर्नेलला लागेल तेव्हा जोडता येणारा तुकडा. वायफायचा एक, कॅमेऱ्याचा एक. लिनक्स कुठल्या मशीनवर चढेल ते आधी माहीत नसतं, म्हणून अशी हजारो मॉड्यूल्स सोबत येतात. पण नुसतं डिस्कवर पडलेलं मॉड्यूल मेमरी खात नाही. त्यामुळे 'ती काढा, मशीन पळेल' हा सल्ला मला पटत नाही.

चढलेली मॉड्यूल्स 'एलएसमॉड' दाखवतं. तिसऱ्या रकान्यात शून्य दिसलं म्हणून ते बिनकामाचं समजू नका हं! चालू वायफायच्या ड्रायव्हरपुढेही शून्य असू शकतं. कुठल्या उपकरणामागे कुठला ड्रायव्हर आहे ते 'एलएसपीसीआय -के' सांगतं.

स्वतःचा कर्नेल बांधायचा तर २००९ साली स्टीव्हन रॉस्टेड यांनी आणलेलं 'मेक लोकलमॉडकॉन्फिग' आहे. ते त्या क्षणी चढलेलीच मॉड्यूल्स ठेवतं. म्हणून आधी प्रिंटर, पेनड्राइव्ह, आजीशी बोलायचा कॅमेरा, सगळं जोडा. नाहीतर रविवारी व्हिडिओ कॉलवर आजीला नातवंडं दिसायची नाहीत! आणि जुना कर्नेल पुसू नका. नव्यात डिस्कचा ड्रायव्हर राहिला तर मशीन उठणारच नाही.

मग एवढा खटाटोप कशाला? खरं कारण सुरक्षिततेचं. डीसीसीपी नावाचा नेटवर्कचा एक प्रकार २००५ साली कर्नेलमध्ये आला. घरगुती वापरात तो जवळपास कुणालाच लागत नाही. २०१७ मध्ये त्यात असा दोष सापडला की साध्या वापरकर्त्यालाही मशीनचा पूर्ण ताबा घेता यावा. गंमत म्हणजे मॉड्यूल आधी चढलेलं असण्याचीही गरज नव्हती. एखाद्या प्रोग्रॅमने मागितलं की कर्नेल ते आपणहून चढवत असे. 'एलएसमॉड'मध्ये ते दिसलंच नसतं. शेवटी २०२५ मध्ये डीसीसीपी कर्नेलमधूनच काढलं गेलं.

तेव्हा नवा कर्नेल बांधायची हौस नसेल, तर न लागणाऱ्या मॉड्यूल्सवर 'मोडप्रोब'च्या फाइलीत बंदी घाला. दहा मिनिटांचं काम आहे. लॅपटॉप घेऊन या, चहाच्या वेळात बसून करू.