हूक किती उंचावर?



कोरडवाहू कापूस-ज्वारीत ट्रॅक्टरचा हप्ता सुटत नाही, म्हणून आपल्यातले कितीतरी जण हंगामात कोल्हापूरकडे ऊस वाहायला येतात. उचल किती, टनाला भाडं किती, हे सगळे विचारतात. ट्रॉलीचा हूक किती उंचावर ठेवायचा, हे कोणी विचारत नाही. जीव तर तिथंच जातो.

चढाला ट्रॅक्टर पुढून उचलतो, कारण भरलेली ट्रॉली हुकाला मागं ओढते. हूक जितका वर, तितकी पुढची चाकं लवकर सुटतात. म्हणून लिफ्टच्या वरच्या लिंकला साखळी बांधून ओझं कधीच ओढू नका.

बैलगाडी उलाळ भरली की जू वर उचलतं, धुरजड भरली की बैल दबतात. दोनचाकी ट्रॉलीचंही तसंच. धुरजड झाली की भार हुकावर येतो आणि ट्रॅक्टरचं तोंड हलकं होतं.

तेव्हा वर-खाली करता येईल असा, भोकांच्या पट्टीचा हूक घ्या. भरलेली ट्रॉली सपाट जागेवर उभी करा. ती समतल राहील आणि दांडी बांधाला घासणार नाही, असं सर्वांत खालचं भोक निवडा. पिन झिजली की बदला. तिला क्लिप हवीच, सोबत साखळीही हवी. उतारावर गाडी न्यूट्रल करू नका.

आधी हूक तपासा, मग करारावर सही करा.