शहराबाहेरचे हॉटेल आणि त्याचे गिऱ्हाईक



आपल्या मराठवाड्यात ‘हॉटेल’ हा शब्द मोठा ऐसपैस आहे. एस.टी. स्टँडासमोर पत्र्याच्या छपराखाली चहाचे पातेले आणि भज्यांची कढई असली, की झाले हॉटेल! मुक्कामाची सोय असेल तर त्याला आपण लॉज म्हणतो. आज मला बोलायचे आहे ते या दोन्हींच्या मधल्या एका प्रकाराबद्दल. मोठ्या शहराच्या बाहेर, हमरस्त्याला लागून, शेताच्या बांधावर उभे राहणारे, खाली जेवणाची सोय आणि वर आठ-दहा खोल्या असलेले हॉटेल. ते बांधायचे कसे हे गवंडी सांगेल. त्याला गिऱ्हाईक कसे मिळवायचे, हा आजचा विषय.

उदाहरणाला आपण चाकूर घेऊ. लातूरहून नांदेडकडे निघाले, की सुमारे पस्तीस किलोमीटरवर चाकूर लागते. तुळजापूर, औसा, लातूर, चाकूर, अहमदपूर, लोहा, नांदेड, यवतमाळ, वर्धा असा जाणारा आणि नागपूरजवळ बुटीबोरीला मिळणारा ३६१ क्रमांकाचा राष्ट्रीय महामार्ग इथूनच जातो. त्याच्या चौपदरीकरणाच्या कामांना नावेसुद्धा ‘औसा-चाकूर’ आणि ‘चाकूर-लोहा’ अशी पडली. रस्ता रुंद होऊ लागला, की रस्त्याकडेच्या शेतकऱ्याच्या मनात एक विचार हटकून येतो. आपली एक एकर रस्त्याला लागून आहे, पावसाचा भरवसा नाही, सोयाबीनच्या भावाचा तर मुळीच नाही. मग सातबारा बँकेत ठेवून दहा खोल्या का बांधू नयेत?

विचार वाईट नाही. पण बांधकामाला हात घालण्यापूर्वी एक गोष्ट नीट समजून घ्या. तूर असो की सोयाबीन, आज लातूरच्या अडतीवर भाव पडला तर पोती घरी ठेवता येतात. महिन्या-दोन महिन्यांनी विकता येतात. खोलीचे तसे नाही. आजची रात्र रिकामी गेली, ती गेली. ती उद्या दुप्पट भावाने विकता येत नाही. दहा खोल्यांच्या वर्षाच्या ३,६५० रात्री होतात. रोज सरासरी चारच खोल्या भरल्या तर विकल्या गेल्या १,४६० रात्री. आठशे रुपये भाडे धरले तर वर्षाचे ११ लाख ६८ हजार. आकडा ऐकायला बरा वाटतो. त्यातून पोरांचे पगार, विजेचे बिल, चादरी-अभ्रे धुणे, रंगसफेदी आणि बँकेचा हप्ता वजा करा, म्हणजे वरच्या सहा रिकाम्या खोल्या रात्री झोप का लागू देत नाहीत ते कळेल.

तेव्हा पहिला प्रश्न असा, की इथे झोपायला येणार कोण? पुष्कळजण म्हणतात, लातूर एवढे मोठे शहर, तिथली माणसे येतील. काय हो, लातूरचा माणूस पस्तीस किलोमीटरवर झोपायला कशाला येईल? तो जेवेल, गप्पा मारील आणि घरी जाऊन आपल्या अंथरुणावर झोपेल. डॉक्टरकी-इंजिनिअरिंगच्या परीक्षांच्या अभ्यासासाठी लातूरला हजारो मुले येतात, त्यांचे आईबाप प्रवेशाच्या दिवसांत खोल्या शोधत फिरतात. तोही येणार नाही. त्याला मुलाच्या क्लासजवळच राहायचे असते. आणि रस्ता जितका चांगला होईल, तितका नांदेडचा माणूस ‘आता घरीच जाऊन टेकू’ असे म्हणेल. म्हणजे चांगला रस्ता हा मुक्कामाच्या धंद्याचा मित्र असतोच असे नाही. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग २००२ साली पूर्ण झाला, तेव्हा जुन्या रस्त्यावरच्या पुष्कळ खाणावळवाल्यांना याचा अनुभव आला. गाड्या होत्या तितक्याच, किंबहुना वाढल्या. पण त्या दुसरीकडून जाऊ लागल्या. म्हणून आपल्या गावाला वळणरस्ता होणार आहे काय, आपल्या शेतासमोर दुभाजक बंद राहणार की उघडा, हे रस्ते विभागाच्या नकाशात पाहून मगच पाया खणावा.

तर मुक्कामाचे गिऱ्हाईक दुरून येणारे असते. नागपूर-यवतमाळकडून तुळजापूर-पंढरपूरला निघालेले कुटुंब. नांदेडच्या हुजूर साहिब गुरुद्वाराचे दर्शन करून परतणारे यात्रेकरू. मार्गशीर्षात माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेला जाणारे व्यापारी. लग्नसराईत वऱ्हाडी. चाकूरला सीमा सुरक्षा दलाचे प्रशिक्षण केंद्र आहे. तिथल्या जवानाला भेटायला कुठून कुठून नातलग येतात, त्यांना भाषा परकी, गाव परके. या माणसांना तुमचे हॉटेल ठाऊक नसते. त्यांच्यापर्यंत पोचायचे म्हणजे ते जिथून निघतात किंवा जिथे उतरतात तिथे आपले नाव असले पाहिजे. केंद्राच्या फाटकाजवळचा चहावाला, स्टेशनवरचा रिक्षावाला, ट्रॅव्हल्सचा ड्रायव्हर, मंगल कार्यालयाचा व्यवस्थापक, ही तुमची खरी जाहिरात. ड्रायव्हरला झोपायला खाट आणि आंघोळीला गरम पाणी मिळाले, तर तो पुढच्या खेपेला गाडी तुमच्याच दारात उभी करतो. साहेबाला ए.सी. खोली आणि ड्रायव्हरला गाडीत झोपवणारे हॉटेल मला तरी धंद्यात शहाणे वाटत नाही.

आता नावाची एक गंमत सांगतो. चाकूर तालुक्यात ‘लातूर रोड’ नावाचे रेल्वे जंक्शन आहे. विकाराबाद-परळी मार्गावरचे हे स्टेशन. पूर्वीच्या रेल्वेवाल्यांच्या भाषेत ‘रोड’ म्हणजे त्या गावाला जायचा रस्ता इथून फुटतो, एवढाच अर्थ. पण अनोळखी प्रवासी नाव वाचून उतरतो आणि लातूर कुठे म्हणून विचारतो, तर ते तीस किलोमीटरांहून जास्त दूर! रेल्वेला हे खपून जाते, कारण त्या रुळावर दुसरी रेल्वे नाही. हॉटेलाला खपत नाही. पाटीवर ‘लातूरजवळ’ लिहून गिऱ्हाईक आणले, आणि त्याला सकाळी दहाला लातूरच्या कचेरीत हजर व्हायचे असताना पाऊण तासाचा रस्ता निघाला, तर तो परत यायचा नाही. शिवाय आजकाल तो मोबाइलवर चार ओळी लिहून जातो आणि त्या शेकडो लोक वाचतात. त्यापेक्षा स्पष्ट लिहावे : चाकूर, लातूरपासून पस्तीस किलोमीटर, गाडी लावायला मोकळे आवार, रात्री शांतता. ज्याला हे हवे आहे तोच येईल, आणि आल्यावर खूश राहील.

मोबाइलच्या नकाशावर आपले हॉटेल बरोबर जागी दिसते की नाही, फोन नंबर चालू आहे की नाही, हे घरातल्या शिकलेल्या मुलाकडून पाहून घ्यावे. याला पैसे पडत नाहीत. खोल्या ऑनलाइन विकून देणाऱ्या कंपन्या मात्र आपला वाटा घेतात, आणि तो शंभरातले पंधरा-वीस रुपयेही असू शकतो. अडतीसारखेच आहे हे. अडत द्यावी, पण एकदा आलेल्या गिऱ्हाइकाने दुसऱ्या वेळी थेट फोन करावा इतकी ओळख ठेवावी.

आणखी एक गोष्ट, जरा संकोचाची. शहराबाहेरचे लॉज म्हटले की घरंदाज माणूस बिचकतो. बायकामुले बरोबर असली तर चार किलोमीटर पुढे जाईल, पण थांबणार नाही. त्यात दारावर मोठ्या अक्षरांत बिअर बार लिहिलेले असेल तर विचारूच नका. आवारात भरपूर उजेड, बायकांसाठी वेगळे आणि स्वच्छ संडास, गल्ल्यावर घरचे माणूस, शक्य तर घरची बाई; एवढ्याने जे काम होते ते हजारो रुपयांच्या फलकाने होत नाही. पाण्याचेही तसेच. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आणावे लागले, हे आपण विसरलेलो नाही. अशा मुलखात पोहण्याच्या तलावाची जाहिरात करणारा माणूस शेजाऱ्यांचे शिव्याशापच गोळा करील.

बरे, मग लातूरच्या माणसाकडून काहीच मिळणार नाही काय? मिळेल, पण रात्रीचे नाही, दिवसाचे. बारामतीकडे पळशीवाडीला २००५ च्या सुमारास कृषी पर्यटनाचा प्रयोग सुरू झाला आणि पुण्याच्या बाजूला त्याचे अनुकरण खूप झाले. तिथे बहुतेक कुटुंबे सकाळी येतात, न्याहारी करतात, शेत पाहतात, जेवतात आणि संध्याकाळी परततात. खोलीची गरजच पडत नाही. २०२० साली राज्य सरकारने कृषी पर्यटनाचे धोरणही जाहीर केले. चाकूरकडे यासाठी काय नाही? हिवाळ्यात ज्वारीचा हुरडा आहे. जवळच वडवळ नागनाथचे बेट आहे, औषधी वनस्पतींसाठी नावाजलेले. चुलीवरची भाकरी, पिठले, शेंगदाण्याची चटणी आहे. शहरातल्या मुलाला बैलगाडीची एक चक्कर हीच मोठी गोष्ट. हा धंदा दोन खाटा, एक मांडव आणि स्वच्छ संडास यांवर सुरू होतो. कर्ज काढून दहा खोल्या बांधाव्या लागत नाहीत. मुक्कामाला कोणी राहिलेच, तर घरातल्या दोन खोल्या देता येतात. पर्यटन महामंडळाची निवास व न्याहारी योजना याच कल्पनेवर उभी आहे.

एक अपवाद मात्र करावा असे मला वाटते. आपली येळवस. मार्गशीर्षातल्या अमावास्येला लातूर शहर ओस पडते, सारी माणसे शेतात. कोपीत पूजा होते. भज्जी, आंबील, उंडे, खीर यांचे जेवण होते, आणि वाटेने जाणाऱ्या अनोळखी माणसालाही हाक मारून जेवायला बसवतात. या जेवणाचे तिकीट लावण्याची कल्पना कोणी काढली तर ती मोडून काढा. त्या दिवशी हॉटेलाच्या मांडवात येईल त्याला फुकट जेवू घाला. आलेले लोक पुन्हा हुरड्याला पैसे देऊन येतील, आणि नाही आले तरी काय बिघडले?

शेवटी गुरुजींना एक विनंती. नांदेड-परभणीकडच्या शाळांच्या सहली तुळजापूर, नळदुर्ग, पंढरपूरकडे याच रस्त्याने जातात. सहलीला काय लागते हे तुमच्याइतके कोणाला ठाऊक नाही. चाळीस-पन्नास मुले एकदम झोपतील असे एक दालन, मुलींसाठी आतून कडी लागणारी वेगळी जागा, उकळलेले पाणी, पहाटे पाचला पोहे आणि शाळेला परवडेल असा एकच ठरलेला दर. दहा छोट्या खोल्यांनी हे जमत नाही. तुमच्या गावात कोणी हॉटेल बांधायला निघाला असेल, तर त्याचा नकाशा होण्यापूर्वी त्याला हे सांगा. जून-जुलैत आसपासच्या जिल्ह्यांतील मुख्याध्यापकांना पाठवायचे पत्रही तुम्हीच नीट मराठीत लिहून द्या. सहली दिवाळीनंतर निघतात, पण ठरतात आधी.

आणि ज्याला बांधायचे आहे त्याने बिगरशेती परवाना, अन्नपदार्थांच्या परवान्याची नोंदणी, रस्त्यावरून आत यायची परवानगी ही कामे तर करावीतच. पण त्याही आधी एक वही घेऊन आठ दिवस आपल्या बांधावर बसावे. संध्याकाळी सहा ते रात्री अकरा. कोणत्या जिल्ह्याच्या गाड्या जातात, किती थांबतात, कशासाठी थांबतात, कुटुंबे किती आणि मालमोटारी किती, हे लिहावे. लग्नाच्या तिथीला एकदा आणि भर पावसाळ्यात एकदा पुन्हा बसावे. बँकेत जाताना सातबाऱ्याबरोबर ती वहीही न्यावी.