धावदोरा

(मंडळाच्या वर्धापनदिनी झालेले भाषण)



आपल्या वर्धापनदिनाला दरवर्षी कोणी तरी जाणकार बोलावयास येतात. यंदा चिटणीसबाईंनी माझे नाव घेतले तेव्हा मी त्यांना म्हटले, "अहो, मला बोलता येत नाही. थोडेफार पळता येते, एवढेच." त्यावर त्या म्हणाल्या, "मग पळण्याचेच सांगा. फक्त व्यासपीठावरून पळू नका!" तेव्हा आता उभी राहिले आहे खरी. पण रिकाम्या हाताने आले नाही. या टेबलावर एक लहान गोधडी आणि भरतकाम केलेला एक कापडाचा तुकडा ठेवला आहे. तेच माझे आजचे भाषण. मी आपली त्याचा अर्थ सांगणारी.

पळायला सुरुवात कशी करावी हे सांगणारे पुष्कळ आहेत. सुरुवात करणे अवघड नाही. मी स्वतः तीन वेळा केली आहे! पहिल्या आठवड्यात बूट नवे असतात, हुरूप नवा असतो. समोरच्या वहिनी गॅलरीतून पाहतात, त्याचेही बळ येते. तिसऱ्या आठवड्यात पाऊस लागतो, पाहुणे येतात, गुडघा कुरकुरतो आणि बूट माळ्यावर जातात. तेव्हा उत्साह आणावा कसा, यापेक्षा तो टिकवावा कसा, हा खरा प्रश्न आहे. मला त्याचे उत्तर आपल्या शिवणाच्या पेटीत सापडले.

वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी माझ्या रक्तातली साखर वाढली. डॉक्टर म्हणाले, रोज चालत जा. त्याच्या आदल्याच वर्षी माझे यजमान गेले होते. मुले आपापल्या गावी. घरात दुपार संपता संपत नसे. मी पहाटे चालू लागले. एके दिवशी, का कोण जाणे, पदर खोचला आणि विजेच्या एका खांबापासून चौथ्या खांबापर्यंत पळत गेले. अशी धाप लागली की विचारू नका. पण त्या चार खांबांच्या वाटेत मला कशाचीही आठवण झाली नव्हती. वर्षभरात मनाला मिळालेली ती पहिली उसंत. साखरेसाठी मी चालत होते. पळू लागले ते त्या चार खांबांसाठी.

आपल्या साताऱ्यात २०१२ सालापासून डोंगरावरची अर्धमॅरेथॉन होते, हे आपणां सर्वांना ठाऊक आहे. अंतर २१ किलोमीटरांहून किंचित अधिक. गावातून निघावयाचे, यवतेश्वराचा घाट चढावयाचा आणि परत उतरावयाचे. दुसऱ्या वर्षी मी धीर करून नाव दिले. माझी भाची म्हणाली, "आत्या, रोज रात्री डोळे मिटून तू शेवटची रेघ ओलांडते आहेस असे चित्र पाहा. मोठमोठे खेळाडू तसेच करतात." मी मनोभावे पाहू लागले. गळ्यात पदक आहे, टाळ्या वाजत आहेत, मुलगा फोटो काढतो आहे. चित्र इतके गोड की पाहूनच पोट भरे. आणि एक गोष्ट कबूल करते. ज्या रात्री चित्र फार छान दिसे, त्याच्या दुसऱ्या दिवशी गजर बंद करून मी पुन्हा कूस बदलत असे. जणू काम झालेच!

शर्यतीच्या दिवशी व्हावयाचे तेच झाले. समर्थ मंदिराच्या पुढे घाट सुरू होतो आणि मग तो संपतच नाही. वर धुके, खाली ओला रस्ता, पोटऱ्यांचे दगड झालेले. एका वळणावर मी थांबले. पुढचे काही डोळ्यांपुढे येईना, कारण माझ्या चित्रात घाट नव्हताच! टाळ्या होत्या, पदक होते; चढ मात्र मी कधी पाहिलाच नव्हता. कठड्यावर बसले आणि गाडीतून खाली आले. बूट माळ्यावर टाकले, ते सहा महिने तिथेच राहिले.

पुढे भाचीनेच मला या विषयावरचे वाचावयास दिले. मनातल्या चित्राला शक्ती नसते असे नाही, बरे का. एडमंड जेकबसन नावाच्या अमेरिकन डॉक्टरांनी १९३०च्या सुमारास असे दाखवले होते की, माणूस हात न हलवता नुसता हात वाकवण्याची कल्पना करतो, तेव्हाही दंडाच्या स्नायूंत विजेची अगदी बारीक हालचाल होते. म्हणजे आपण मनात पळतो, त्याची चाहूल देहालाही लागते. पण चित्र कशाचे, याला महत्त्व आहे. गाब्रिएले ओटिंगेन या जर्मन मानसशास्त्रज्ञ बाईंनी याच प्रश्नावर अनेक वर्षे संशोधन केले. त्यांना असे आढळले की, यशाची नुसती गोड स्वप्ने पाहणाऱ्यांचा जोम पुष्कळदा वाढण्याऐवजी ओसरतो. आधी इच्छा डोळ्यांपुढे आणावी, आणि लागलीच तिच्या आड येणारी अडचणही तितकीच स्पष्ट पाहावी, म्हणजे माणूस कामाला लागतो. पीटर गोलवित्झर या दुसऱ्या मानसशास्त्रज्ञांनी त्याला जोड दिली ती अशी: "अमुक झाले तर मी तमुक करीन" असे आधीच ठरवून ठेवावे. ऐन वेळी दमलेल्या डोक्याला विचार करावा लागत नाही.

मला तर हे वाचून माझाच कठडा दिसला. आणि आपल्या जिल्ह्यातली ललिता बाबर आठवली. माण तालुक्यातल्या मोही गावची ही मुलगी २०१६ साली रिओच्या ऑलिंपिकमध्ये ३००० मीटर स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत पोचली आणि दहावी आली. १९८४ साली पी. टी. उषा अंतिम फेरीत धावल्या होत्या; त्यानंतर ३२ वर्षांनी धावण्याच्या अंतिम फेरीत दिसलेली भारतीय स्त्री ती ही. त्या शर्यतीत २८ वेळा अडथळ्यावरून आणि ७ वेळा पाण्यावरून उडी घ्यावी लागते. आता तुम्हीच सांगा, तिथे नुसती शेवटची रेघ डोळ्यांपुढे ठेवून कसे भागेल?

आता या गोधडीकडे वळते. चैत्रात माझ्या लेकीने गोड बातमी कळवली. बाळासाठी गोधडी शिवावी म्हणून मी ट्रंक उघडली. वरच्या पदरासाठी सासूबाईंचे जुने मऊ लुगडे घेतले. आत यजमानांचे दोन सदरे उसवून घातले. रुंदी तीन फूट, लांबी चार फूट. अर्ध्या अर्ध्या इंचावर ओळी घातल्या तर ७२ ओळी बसतात. सुई ओवताना सहज मनात आले, की आपण या टाक्याला म्हणतो काय? धावदोरा! आणि मी इथे बसून आहे. समोर कॅलेंडर होते. पुढच्या शर्यतीला बरोबर १८ आठवडे होते. आठवड्याला चार दिवस पळावयाचे म्हटले तर १८ चोक ७२! मी उठले आणि माळ्यावरून बूट काढले.

नियम एकच केला. ज्या दिवशी पळेन त्या दिवशी एक ओळ. पळाल्याशिवाय सुई धरावयाची नाही. रोजची ओळ निळ्या दोऱ्याची आणि रविवारी लांब पल्ला असे, त्याची तांबड्या दोऱ्याची. पळण्यापेक्षा चालणे जास्त झाले, तर त्या दिवशी पांढरा दोरा. पण ओळ घालावयाचीच. अर्ध्या तासाचे काम. दुपारी तो अर्धा तास आता माझी वाट पाहू लागला.

तुम्ही म्हणाल, यापेक्षा कॅलेंडरवर खूण केली असती तर काय बिघडले असते? ते मी आधी केले होते. कॅलेंडरवर गाळलेला दिवसही दिसतो. ती रिकामी चौकट आपल्याकडे डोळे वटारून पाहते. अशा तीन चौकटी झाल्या की आपण कॅलेंडरकडे पाहण्याचेच सोडतो. गोधडीत गाळलेला दिवस दिसत नाही. घातलेली ओळ तेवढी दिसते. चार दिवसांनी जरी आलात, तरी सुई जिथे टोचून ठेवली असेल तिथून पुढे जावयाचे.

आषाढात मला तापाने गाठले. दोन आठवडे गेले. उठल्यावर पहिल्या दिवशी जेमतेम चार खांब पळाले. त्या दिवशीची ही ओळ पाहा, ही मी धावदोऱ्याची घातली नाही, उलट्या टिपेची घातली. टाका थोडा मागे घ्यावयाचा आणि मग पुढे न्यावयाचा. शिवणकाम जाणणाऱ्या आपण सर्वजणींना ठाऊक आहे, की घट्ट बसते ती हीच टीप.

हाताला काम दिले म्हणजे मन निवते, हे काही आपल्याच मंडळापुरते खरे नाही. २०२१ साली टोकियोच्या ऑलिंपिकमध्ये टॉम डेली हा इंग्लंडचा सूर मारणारा खेळाडू प्रेक्षकांत बसून सुयांवर लोकर विणताना साऱ्या जगाने पाहिला. सुवर्णपदक मिळाले, तर त्याला ओरखडे पडू नयेत म्हणून गड्याने त्याच्यासाठी विणलेली पिशवी केली! विणल्याने आपले चित्त शांत राहते, असे त्याने स्वतःच सांगितले आहे. आपल्या घरांतल्या पुरुषमंडळींना हे अवश्य कळवावे.

आता हा दुसरा तुकडा. जुन्या चादरीच्या कापडावर मी शर्यतीची सगळी वाट पेन्सिलीने काढली आणि साखळी टाक्याने भरली. सपाट रस्ता हिरव्या दोऱ्याने, चढ तपकिरी दोऱ्याने. समर्थ मंदिराजवळ ही पिवळी फुली. आणि ही जी टपोरी गाठ हाताला लागते, ते ते वळण, जिथे मी आदल्या वर्षी बसले होते. ती गाठ भरताना माझ्या डोळ्यांना पाणी आले, हे लपवीत नाही. पण घातली.

रोज रात्री निजण्यापूर्वी दिवा मालवून मी या वाटेवरून बोट फिरवीत असे. डोळे मिटलेले. बोट तपकिरी दोऱ्यावर आले की श्वास ऐकावयाचा, पोटऱ्या भरून येताहेत ते जाणावयाचे, तोंडावर धुक्याचा गारवा घ्यावयाचा. बोट गाठीपाशी आले की थांबावयाचे आणि मनात म्हणावयाचे: "इथे दम संपला, तर बसावयाचे नाही. शंभर पावले मोजून चालावयाची आणि पुन्हा पळावयाचे." मगच बोट पुढे. टाळ्या आणि पदक शेवटी, तेही घाईघाईने. या सगळ्याला पाच मिनिटे लागत. अर्थात, बोटाने घाट चढून पाय तयार होत नाहीत. पाय तयार होतात ते पहाटे रस्त्यावर. बोटाचे काम एवढेच, की पहाटे रस्ता ओळखीचा वाटावा.

शर्यतीचा दिवस उजाडला. धुके तसेच, रस्ता तसाच ओला. आणि दमही नेमका त्याच वळणावर संपला! पण या खेपेला मला नवल वाटले नाही. माझा अंगठा आपोआप बोटावर फिरू लागला, जणू गाठ चाचपतो आहे. मी शंभर पावले मोजली. एकशे एकाव्याला पळाले. असे वरपर्यंत सात वेळा करावे लागले. किती वेळ लागला तो आकडा सांगत नाही. माझ्या मागे फार थोडी माणसे होती. पण शेवटची रेघ मी माझ्या पायांनी ओलांडली. टाळ्या चित्रातल्याइतक्या नव्हत्या. मुलगा फोटो काढावयास विसरला.

घरी येऊन अंघोळ केली आणि त्या दिवशीची तांबडी ओळ घातली. मोजून पाहिले तर ६४ झाल्या होत्या. आजारपणात आठ बुडाल्या होत्या ना! आधी वाईट वाटले. मग ध्यानात आले, की याहून चांगले काही झालेच नसते. शर्यत झाली की पुष्कळांचे पळणे थांबते, कारण पुढे जाण्यासारखे काही उरत नाही. माझ्या आठ ओळी उरल्या होत्या. तिसऱ्या दिवशी पहाटे मी पुन्हा रस्त्यावर होते. दिवाळीला नातू आला तेव्हा गोधडी पुरी झाली होती. आता दुसरी घेतली आहे. ती कोणासाठी, ते अजून ठरवलेले नाही.

शेवटी चार व्यवहाराच्या गोष्टी. साखर, रक्तदाब किंवा हृदयाची तक्रार असेल त्यांनी आधी डॉक्टरांना विचारावे. बूट मापाचे आणि पळण्याचे घ्यावेत. यात काटकसर नको. वेग एवढाच ठेवावा, की शेजारणीशी बोलता यावे. आणि प्रत्येकीने गोधडीच शिवली पाहिजे असे नाही. कोणी क्रोशाचा रुमाल करावा, कोणी ठिपक्यांच्या कागदावर रोज रांगोळीची एक रेघ ओढावी. हाताला जे येते ते करावे. फक्त अट एक: आधी पाय, मग हात.

ज्यांना पळावयाचेच नसेल, त्यांनाही माझे मागणे आहे. प्रत्येकीच्या वाटेत एखादा घाट असतोच. डोळे मिटाल तेव्हा त्याच्यावरून उडी मारून पलीकडच्या टाळ्यांपाशी जाऊ नका. ती गाठ हाताने चाचपून पाहा आणि तिथे काय करावयाचे ते आजच ठरवून ठेवा.

येत्या रविवारी पहाटे साडेपाचला मी मंडळाच्या फाटकापाशी उभी असेन. पहिल्या दिवशी आपण चारच खांब जाऊ. येताना एक जुने मऊ लुगडे घेऊन या.