गणित, काव्य आणि हशा

(मंडळाच्या वार्षिक संमेलनात पिंपळे सौदागर येथे केलेले भाषण)



मंडळाच्या चिटणीसांनी मला गणितावर बोलण्याची आज्ञा केली, तेव्हा मी प्रथम हातच जोडले होते. मी काही गणिती नव्हे. १९७५ साली मॅट्रिक झालो, पुढे अध्यापनाचे शिक्षण घेतले आणि अडतीस वर्षे सातवीपर्यंतच्या मुलांना पाढे, श्लोक व शुद्धलेखन शिकविले, एवढीच माझी पुंजी. परंतु दर वर्षी गुणगौरवाच्या दिवशी कोणी ना कोणी बंधू मला बाजूस घेऊन म्हणतात, "गुरुजी, पोराचे गणित कच्चे राहिले. आता त्याची चित्रकला, तबला आणि थट्टामस्करी सर्व बंद केली आहे. शिकवणी लावली आहे." हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकले आहे की, त्याचे उत्तर एकदा जाहीरपणे देऊन टाकावे असे मनात आले. माझे म्हणणे एवढेच आहे की, त्या बंधूंनी ज्या तीन गोष्टी बंद केल्या, त्याच त्या मुलाच्या गणिताकडे जाणाऱ्या वाटा होत्या.

वास्तविक, आपल्या सुतार ज्ञातीला हे सांगावे लागावे याचेच मला नवल वाटते. आज येथे जे उंच उंच इमले उभे आहेत, तेथे माझ्या लहानपणी पवनेच्या काठची शेते होती आणि माझ्या वडिलांचे छप्पर होते. वाकस, रंधा, किकरे, पटाशी, ओळंबा आणि गुण्या ही त्यांची शाळा. बैलगाडीचे चाक करावयाचे झाले म्हणजे ते खिळ्याला दोरी बांधून वर्तुळ काढीत, आणि तीच दोरी न ढळू देता परिघावर एकामागून एक टप्पे टाकीत. सहावा टप्पा बरोबर पहिल्या खुणेवर येऊन पडे. मग परिघाचे सहा तुकडे आणि बारा आरे. मी एकदा विचारले, "दादा, सहाच का?" ते वर न पाहता म्हणाले, "सात केलेस तर बैल हसतील." त्रिज्येइतक्या जीवा वर्तुळात बरोबर सहा बसतात, हा सिद्धांत मी पुढे पुस्तकात वाचला, पण तो मला कळला होता तो बैल हसतील या भीतीने. चाक वाटोळे झाले म्हणजे ते सुंदरही दिसे, आणि सुंदर दिसले नाही तर कोठेतरी माप चुकले असे वडील समजत. त्यांच्या लेखी हिशेब आणि सौंदर्य ही दोन खाती निराळी नव्हती.

ही गोष्ट केवळ कारागिरांची नव्हे, थोर पंडितांचीही आहे. भास्कराचार्यांनी इ. स. ११५० मध्ये, वयाच्या छत्तिसाव्या वर्षी 'लीलावती' लिहिली. ग्रंथ अंकगणिताचा, पण संपूर्ण छंदोबद्ध. त्यातील उदाहरणे पाहावी तर एखाद्या काव्यात शिरल्यासारखे वाटते. भुंग्यांचा एक थवा आहे. त्याच्या निम्म्याचे वर्गमूळ मालतीच्या फुलांकडे गेले, सबंध थव्याचे आठ-नवमांश दुसरीकडे गेले, आणि एक भुंगा सुवासाच्या लोभाने रात्री कमळात अडकला असून त्याची सखी बाहेर गुणगुणते आहे. तर थवा केवढा? उत्तर ७२. त्यांपैकी सहा मालतीकडे, चौसष्ट दुसरीकडे आणि उरले हे दोघे. वर्गसमीकरण शिकविणाऱ्या मनुष्याला त्या दोन भुंग्यांच्या विरहाची काय गरज होती? गरज शिकणाऱ्याला होती. विद्यार्थिनीला मोठ्या लाडाने संबोधून ते प्रश्न घालतात. माझ्या पाहण्यातील किती गणित-शिक्षकांनी विद्यार्थ्याला एकदा तरी लाडाने हाक मारली असेल, याचा हिशेब मी मांडणार नाही; त्यात मीही येतो.

भास्कराचार्यांचे नातू चांगदेव यांनी शके ११२८ मध्ये, म्हणजे १२०७ साली, आजच्या जळगाव जिल्ह्यात चाळीसगावजवळील पाटण येथे आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापिला. त्याचा शिलालेख आजही प्रसिद्ध आहे. गणिताचे ग्रंथ पिढ्यान्‌पिढ्या शिकविले जावेत म्हणून दगडावर कोरून ठेवणारा नातू ज्या भूमीत झाला, त्याच भूमीत आज गणिताच्या तासाला मुलांच्या पोटात गोळा उठतो.

आता काव्याकडून गणिताकडे येऊ. संध्याकाळी मनाचे श्लोक म्हणण्याची चाल आपल्या कित्येक घरांत होती. ते वृत्त भुजंगप्रयात. त्यात चार वेळा य-गण येतो. एक लघु आणि दोन गुरू मिळून पाच मात्रा, म्हणजे चरणाच्या वीस. पाच चोक वीस हे मूल रोज दिवेलागणीला जिभेने म्हणत असे, फक्त त्याला कोणी सांगितले नव्हते. तीन अक्षरांपैकी प्रत्येक लघु किंवा गुरू असू शकते, म्हणून गण दोन गुणिले दोन गुणिले दोन, आठच. नववा कोणी आणून दाखवावा. 'यमाताराजभानसलगं' या दहा अक्षरांच्या सूत्रात ते आठही बसविले आहेत. कोणतेही अक्षर घ्यावे, पुढची दोन जोडावी, की त्या अक्षराचा गण तयार. मी हे सूत्र व्याकरणाच्या तासाला न शिकविता गणिताच्या तासाला शिकवीत असे. मुले नववा गण शोधण्यासाठी डोकी खाजवीत बसत आणि मला दहा मिनिटे उसंत मिळे, हाही त्यातला एक लाभ होता.

आणि हशा? आचार्य अत्र्यांनी 'केशवकुमार' या नावाने १९२५ साली 'झेंडूची फुले' प्रसिद्ध केली. त्या विडंबनांना महाराष्ट्र पोट धरून हसला. अत्रे हे पुण्यात शाळामास्तर होते, हे येथे लक्षात ठेवण्याजोगे आहे. विडंबनाची गंमत अशी की, मूळ कवितेची चाल तीच राहिली पाहिजे. एक मात्रा जरी घसरली तरी हशा मावळतो. आत्मा बदलून माप कायम ठेवणे, यात विनोद आहे. आणि अक्षरांच्या जागी वेगळे आकडे घालून रीत कायम ठेवणे, यात बीजगणित आहे. ही दोन्ही कामे करणारे डोके एकच, असे मला वाटते. ज्या मुलाला वर्गात गुरुजींची नक्कल हुबेहूब करता येते, त्याला प्रमाण आणि गुणोत्तर ठाऊक असतेच. गुरुजींच्या नाकाचे तरी.

येथे एक अवांतर. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात 'सत्तावीस' हा आकडा 'वीस सात' असाही वाचावा असे आले आणि महाराष्ट्रभर विनोदांना ऊत आला. मीही पोटभर हसलो. तथापि 'एकोणपन्नास' सांगितल्यावर पाटीवर ५९ लिहिणारी मुले मी अडतीस वर्षे पाहिली आहेत. त्या समितीवर मंगला नारळीकर होत्या, 'गणितगप्पा' लिहिणाऱ्या. त्यांचा उपाय पटो न पटो, दुखणे खरे होते. आपण उपायाला हसलो आणि दुखणे तसेच ठेवले.

परंतु आज मला ज्यांच्याविषयी विशेष बोलावयाचे आहे, ते आहेत दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर. जन्म १९०५, डहाणूचा. फर्ग्युसन महाविद्यालयात शिकले. १९२७ साली त्यांना रँग्लर परांजपे यांच्या नावाचे गणिताचे पारितोषिक मिळाले. पदवीनंतर नाशिकजवळ देवळालीस शाळामास्तर झाले आणि १९६२ साली निवृत्त होईपर्यंत शाळामास्तरच राहिले. ना मोठी पदवी, ना विद्यापीठाची खुर्ची. हा मनुष्य आकड्यांशी खेळत असे, लहान मूल गोट्यांशी खेळते तसा. कित्येक विद्वान त्यांच्या या उद्योगाला क्षुल्लक समजले. त्यांनी स्वतःच्या पुस्तिका पदरमोड करून छापल्या.

त्यांचा खेळ मी येथे करून दाखवितो. ज्यांच्याजवळ पेन्सिल असेल त्यांनी करून पाहावा. चार अंकी संख्या घ्या, सर्व अंक सारखे नसावेत. समजा, २०२५. तिचे अंक उतरत्या क्रमाने लिहा, ५२२०. चढत्या क्रमाने लिहा, ०२२५. वजा करा, ४९९५. पुन्हा तेच करा : ५३५५, १९९८, ८०८२, ८५३२ आणि ६१७४. आता ६१७४ वर हाच प्रयोग करा, पुन्हा ६१७४. कोणतीही संख्या घ्या, फार तर सात पावलांत ती येथे येऊन थांबते. हा शोध कापरेकरांनी १९४९ साली मद्रासच्या परिषदेत मांडला. आणि तीच २०२५ घेऊन तिचे दोन तुकडे केले, तर २० आणि २५ मिळून ४५. आणि ४५ चा वर्ग २०२५. अशा संख्यांना आज सारे जग कापरेकर संख्या म्हणते.

मला अधिक आवडतात ती त्यांनी ठेवलेली नावे. ज्या संख्येला तिच्याच अंकांच्या बेरजेने नि:शेष भाग जातो, तिला त्यांनी नाव दिले 'हर्षद', आनंद देणारी. १७२९ घ्या : अंकांची बेरीज १९, आणि १९ गुणिले ९१ बरोबर १७२९, एकोणीस उलटा केला की एक्याण्णव! हे पाहून ज्याच्या ओठांवर हसू येत नाही, त्याने शिक्षक होऊ नये. संख्यांच्या आणखी एका प्रकाराला त्यांनी 'डेम्लो' हे नाव दिले, डोंबिवलीच्या रेल्वे स्टेशनावरून; तो विचार त्यांना तेथे सुचला म्हणून. गाडीची वाट पाहताना आपल्यापैकी बहुतेकांना गाडीविषयीच विचार सुचतात.

१९७५ च्या मार्च महिन्यात मी मॅट्रिकच्या परीक्षेस बसलो होतो आणि गणिताच्या पेपराला माझे हात थरथरत होते. त्याच महिन्यात अमेरिकेतील 'सायंटिफिक अमेरिकन' मासिकात मार्टिन गार्डनर यांनी आपल्या गणिती करमणुकीच्या सदरात कापरेकरांवर लिहिले आणि देवळालीचा मास्तर जगाला माहीत झाला. आमच्या शाळेत मात्र त्यांचे नाव मला कोणी सांगितले नाही. कापरेकर १९८६ साली वारले.

आता माझ्या एका अपराधाविषयी बोलतो. तो सांगितल्याशिवाय हे भाषण पुरे होणार नाही.

नोकरीच्या सुरुवातीच्या काळात मी सातवीला 'लीलावती'तील मोर आणि सापाचे उदाहरण घातले होते. नऊ हात उंचीच्या खांबावर मोर बसला आहे. खांबाच्या बुडाशी बीळ आहे. सत्तावीस हातांवरून साप बिळाकडे निघाला. मोराने तिरप्या रेषेत झेप घेतली. दोघांचा वेग सारखा, तर मोर त्याला बिळापासून किती हातांवर गाठील? तेव्हा मागच्या बाकावरील एक मुलगा उभा राहिला आणि म्हणाला, "गुरुजी, साप बिळाकडेच येणार आहे, तर मोर बिळापाशीच का बसला नाही? उगीच गणित वाढविले." सारा वर्ग खदखदून हसला. मला वाटले, हा हशा माझ्यावर आहे. मी त्याला बाकावर उभे केले आणि म्हणालो, "बापाबरोबर रंधा ओढण्यापलीकडे तुझ्या हातून काही व्हावयाचे नाही." तो आपल्याच ज्ञातीचा होता. मीही रंध्याच्या भुशातच वाढलो होतो. वर्ग पुन्हा हसला, पण आता हशाची जात बदलली होती. त्या मुलाने त्यानंतर गणिताच्या तासाला तोंड उघडले नाही, आणि पुढच्या वर्षी त्याने शाळा सोडली.

काही वर्षांमागे एका कामानिमित्त मी चाकणला गेलो असता तो भेटला. ओतकामाच्या साच्यांसाठी लाकडी नमुने करण्याचे त्याचे स्वतःचे दुकान आहे. त्याने मला खुर्ची दिली, चहा मागविला आणि एक पोलादी पट्टी हातात ठेवली. म्हणाला, "गुरुजी, ही पट्टी खोटे बोलते." ओतीव लोखंड थंड होताना शंभराला सुमारे एकाने आखडते; म्हणून नमुना तेवढा मोठा करावा लागतो, आणि त्यासाठी ही पट्टीच मुद्दाम तेवढी लांब आखलेली असते. "ही खोटे बोलते म्हणून माल खरा उतरतो," असे म्हणून तो हसला. मग त्याने एका मोठ्या चौकटीचा कोन तपासावयास घेतला. एका बाजूला नऊ, दुसऱ्या बाजूला बारा, आणि तिरपी दोरी पंधरा. मोराने साप गाठला तो बिळापासून बाराव्या हातावर, आणि त्याची झेप पंधरा हातांची. मी पाहत राहिलो. तो म्हणाला, "पोरांना मी हा मोराचा गुण्या म्हणून शिकवितो. एकदा सांगितला की विसरत नाहीत."

मी त्याची क्षमा मागितली. तो म्हणाला, "ते जाऊ द्या, गुरुजी. पण मोर बिळापाशी का बसला नाही, हे तुम्ही अजून सांगितलेले नाही."

मी अद्याप विचार करीत आहे.

म्हणून कार्यकारिणीपुढे एक सूचना ठेवतो. गुणगौरवात आपण टक्केवारीवर बक्षिसे देतो, ती अवश्य द्यावीत. त्याबरोबर ज्ञातीतील जे मूल स्वतः रचलेले एक गणित, पद्यात वा गद्यात, पण ऐकणाऱ्यास प्रथम हसविणारे आणि मग कागद-पेन्सिल घ्यावयास लावणारे, असे आणील त्यासही एक बक्षीस असावे. परीक्षक म्हणून चाकणच्या त्या कारागिरास बोलवावे. मी त्याच्या हाताखाली काम करीन. बक्षिसाची रक्कम मी दर वर्षी देईन : बरोबर ६१७४ पैसे. एकसष्ट रुपये माझ्या खिशात आताच आहेत; वरचे चौऱ्याहत्तर पैसे आजच्या बाजारात कोठून आणावयाचे, हा प्रश्न मी खजिनदारांकडे सोपवितो आणि आपली रजा घेतो.