परक्या मैदानावरील कसोटी

अमेरिकेत ज्या खेळाला फुटबॉल म्हणतात तो आपल्याकडील फुटबॉल नव्हे, हे आरंभीच स्पष्ट केले पाहिजे. त्यात अंडाकृती चेंडू हाती घेऊन धावायचे असते किंवा तो सहकाऱ्याकडे फेकायचा असतो. आक्रमक संघाला चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकावे लागते. ते न साधल्यास चेंडू प्रतिपक्षाकडे जातो. तेथील विद्यापीठांच्या संघांमधील जुन्या वैरांत मिशिगन आणि ओहायो स्टेट यांचे वैर अग्रगण्य मानले जाते. त्यांचा पहिला सामना 1897 मध्ये ॲन आर्बर येथे झाला व मिशिगनने तो 34-0 असा जिंकला. अलीकडे विषम वर्षी ॲन आर्बर आणि सम वर्षी कोलंबस असा क्रम आहे. 2020 चा सामना मात्र महासाथीमुळे झालाच नाही. या क्रमाने 2026 मध्ये मिशिगनला कोलंबसला जावयाचे आहे. तेथे पाहुण्या संघाचा निभाव कशामुळे लागतो, हा प्रस्तुत विवेचनाचा विषय.

पहिला शत्रू म्हणजे आवाज. 1922 मध्ये खुले झालेले ओहायो स्टेडियम घोड्याच्या नालेच्या आकाराचे असून त्यात एक लाखाहून अधिक प्रेक्षक मावतात. यजमान संघ आक्रमण करीत असताना हे प्रेक्षक शांत बसतात आणि चेंडू पाहुण्यांकडे जाताच गर्जना सुरू करतात. डावाचे सूत्र ज्याच्या हाती असते त्या क्वार्टरबॅकचा शब्द अशा वेळी शेजारच्या खेळाडूलाही ऐकू येत नाही. कोणी क्षणभर आधी हलला, तर पाच यार्डांचा दंड होतो. यावर उपाय म्हणजे मूक इशारा. तथापि त्याचीही किंमत मोजावी लागते: आवाजावर निघणारा खेळाडू प्रतिस्पर्ध्याच्या आधी निघू शकतो, चेंडू हललेला पाहून निघणारा त्याच्याबरोबरच निघतो. आक्रमकाचे हे स्वाभाविक वर्चस्व परक्या मैदानावर असे हिरावले जाते.

म्हणून पाहुण्याने सामना लहान करावा. चेंडू घेऊन धावणारा खेळाडू मैदानाच्या आत पाडला गेला, तर घड्याळ सामान्यतः चालूच राहते. फेक वाया गेल्यास ते थांबते. 2024 मध्ये मिशिगनने हेच केले. सहा विजय व पाच पराभव अशा स्थितीत आलेल्या या संघाची गाठ देशात दुसऱ्या क्रमांकाच्या संघाशी होती. फेकीतून त्याने अवघे 62 यार्ड मिळवले, परंतु धावून 172. उलट ओहायो स्टेटने उत्तम झेलकरी पदरी असूनही मिशिगनच्या सर्वांत बळकट फळीवर पुनःपुन्हा डोके आपटले; हा हट्ट अनाकलनीयच म्हटला पाहिजे. त्यांचे दोन फील्ड गोलही हुकले. शेवटची 45 सेकंदे उरली असता डॉमिनिक झ्वाडा याने तीन गुणांची किक साधली आणि सामना 13-10 असा संपला.

अर्थात हा एकच मार्ग नव्हे. 2022 मध्ये कोलंबसलाच मिशिगन मध्यंतराला 17-20 असे मागे होते. नंतर डोनोव्हन एडवर्ड्सच्या 75 आणि 85 यार्डांच्या दोन धावांनी शेवट 45-23 असा झाला. परंतु अशा धावांची योजना आखून ठेवता येत नाही.

किकचे महत्त्व मात्र याही मैदानावर जुने आहे. 25 नोव्हेंबर 1950 रोजी कोलंबसला हिमवादळ चालू होते. मिशिगनला संपूर्ण सामन्यात एकदाही ठराविक दहा यार्ड पार करता आले नाहीत. एकही फेक झेलली गेली नाही. एकूण मजल 27 यार्डांची. तरीही सामना त्यांनीच 9-3 असा जिंकला, कारण चेंडू बाळगण्याचा मोह सोडून त्यांनी तो 24 वेळा लाथेने दूर धाडला आणि चुकण्याची वेळ यजमानांवर आणली. मध्यंतराला मिनिटभरही उरले नसताना ओहायो स्टेटने वेळ घालवून देण्याऐवजी किक मारली. ती अडवली गेली आणि टोनी मॉमसेन याने गोलरेषेपलीकडे चेंडूवर झेप घेतली. त्या निर्णयावर कोलंबसमध्ये टीकेची झोड उठली. प्रशिक्षक वेस फेस्लर यांनी पद सोडले, आणि 1951 मध्ये त्यांच्या जागी आलेले वुडी हेस 1978 पर्यंत तेथे राहिले.