अनामत



'टॅलेंट' हा शब्द आज घराघरांत ऐकू येतो. मुळात ते चांदी तोलायचं वजन. मत्तयाच्या शुभवर्तमानात, पंचविसाव्या अध्यायात, येशूनं एक दाखला सांगितला आहे. त्यातूनच या शब्दाला 'अंगचा गुण' हा अर्थ आला. परदेशी निघालेला धनी एका चाकराकडे पाच टॅलेंट सोपवतो, दुसऱ्याकडे दोन, तिसऱ्याकडे एक. पहिले दोघं ठेव दुप्पट करतात. तिसरा भीतीनं ती जमिनीत पुरतो. पुढे जशीच्या तशी परत करतो, तरी बोलणी खातो.

एक टॅलेंट म्हणजे त्या काळच्या मजुराची पंधरा-वीस वर्षांची कमाई. 'मला थोडंच मिळालं' असं म्हणायची सोय त्या तिसऱ्यालाही नव्हती.

आपला 'अनामत' हा शब्द अरबी 'अमानत'वरून आला. वस्तू आपल्या हाती, मालकी दुसऱ्याची. माझ्या घरात हा शब्द लहानपणापासून रुळलेला. मराठी बायबलात असा विश्वासाचा माणूस 'कारभारी' म्हणून भेटतो. शब्द दोन, जबाबदारी एकच.

ही जबाबदारी फक्त देवळात पार पडत नाही. वसईच्या ख्रिस्ती शेतकऱ्यांचंच पाहा. तिथल्या वाड्यांमध्ये बावखलं असत. पावसाचं पाणी त्यांत साठायचं, जमिनीत मुरायचं, रहाटानं केळीला, फुलांना, भाजीला मिळायचं. जेवणाआधी देवाचे आभार मानणाऱ्या घराला ताटातलं अन्न कुठल्या पाण्यावर पिकलं, हे ठाऊक असायचं. पुढे जमिनीला भाव आला आणि कितीतरी बावखलं बुजली. सुबोध मराठीत बायबल आणणारे फादर फ्रान्सिस दिब्रिटो (१९४२–२०२४) हरित वसईच्या चळवळीत उतरले, ते ही ठेव राखण्यासाठीच. त्या लढ्यात सर्व धर्मांची माणसं होती. विहिरीचं पाणी जात विचारत नाही.

चाकरानं पुरलेली चांदी उकरून तरी काढता आली. बावखलावर इमारत उभी राहिली, की ते कोण उकरणार?

देणगी ओळखायची खूण सोपी आहे. जे मी कमावलेलं नाही आणि ज्यावाचून शेजाऱ्याचं अडतं, ते माझ्याकडे अनामत आहे. कुणाकडे पाणी असेल, कुणाकडे गळा, कुणाकडे आजाऱ्याजवळ बसण्याइतका वेळ. रात्री दिवा मालवताना एवढंच विचारावं: आज यातलं किती दुसऱ्यापर्यंत पोचलं?

हिशेब धनी मागेलच. आपण आधी मांडलेला बरा.