ज्ञानतंतूंची चाल आणि प्रेसवरील हात



अंबडच्या औद्योगिक वसाहतींत पत्रा कापणारे व दाबणारे अनेक लहान कारखाने आहेत. अंबड म्हणजे जालना जिल्ह्यांतील तालुक्याचें गांव नव्हे. नाशिकच्या अंगास, मुंबई-आग्रा रस्त्यालगत, पांडवलेण्यांच्या डोंगराजवळचें आपलें अंबड. अशा कारखान्यांच्या भिंतीवर 'सावध राहा, हात सांभाळा' या अर्थाची पाटी लाविलेली असते. उपदेश चांगला आहे. परंतु ज्या मेंदूस तो केलेला असतो, त्या मेंदूला तो पाळतां येतो काय, हें क्वचितच कोणी विचारतो. आज मज्जासंस्थेची रचना व कार्य यांविषयीं बोलतांना मी हाच प्रश्न पुढें ठेवणार आहें.

मज्जासंस्थेचे स्थूलमानानें दोन भाग मानतात. पहिला मध्यवर्ती; त्यांत कवटींतील मेंदू व पाठीच्या कण्याच्या पोकळींतून खालीं उतरणारा मज्जारज्जु हे येतात. प्रौढ माणसाचा मेंदू वजनानें 1,300 ते 1,400 ग्रॅम, तर मज्जारज्जु करंगळीएवढा जाड आणि सुमारें 45 सेंटिमीटर लांब. दुसरा भाग म्हणजे या दोहोंपासून निघून शरीरभर पसरलेले ज्ञानतंतु. मेंदूपासून त्यांच्या 12 जोड्या निघतात व मज्जारज्जूपासून 31. हृदयाचे ठोके, आंतड्यांची हालचाल, घाम, अशा ज्या गोष्टींत आपला हुकूम चालत नाहीं, त्यांचा कारभार पाहणारी एक स्वायत्त शाखाही आहे. तिच्यासाठीं स्वतंत्र भाषणच हवें.

या साऱ्या व्यवस्थेचा मूळ घटक म्हणजे मज्जापेशी. माणसाच्या मेंदूंत त्या सुमारें 86 अब्ज आहेत, असें 2009 सालीं प्रसिद्ध झालेल्या एका मोजणींत आढळलें. प्रत्येक पेशीस बातमी घेणाऱ्या आखूड फांद्या असतात आणि बातमी पुढें नेणारा एक धागा असतो. पायाकडे जाणारा धागा तर मीटरभरही लांब असतो. या पेशी एकमेकींत मिसळून गेलेल्या नसून प्रत्येक पेशी सुटी आहे, हें स्पेनमधील रामोन इ काहाल यानें सूक्ष्मदर्शकाच्या साह्यानें दाखविलें व त्यास 1906 सालीं नोबेल पारितोषिक मिळालें. दोन पेशींच्या मधील सूक्ष्म फटींतून बातमी बहुधा रासायनिक द्रव्याच्या रूपानें पार होते. त्यास सेकंदाचा सुमारें दोन-हजारांश भाग लागतो. हा काळ अगदींच थोडा वाटेल. परंतु वाटेवर अशा अनेक फटी ओलांडावयाच्या असतात.

आतां मुख्य मुद्दा, वेगाचा. ज्ञानतंतूंस तारायंत्राची उपमा देण्याची आपल्या पाठ्यपुस्तकांस मोठी हौस. उपमा सुंदर आहे, पण फसवी आहे. तारेंतील विजेचा संदेश पाहतां पाहतां मुंबईस पोहोंचतो. ज्ञानतंतूंतील संदेश तसा धांवत नाहीं. एकोणिसाव्या शतकांत योहानेस म्यूलर यासारख्या थोर शरीरशास्त्रज्ञासही वाटे कीं, हा वेग कधींच मोजतां येणार नाहीं. त्याचाच शिष्य हेल्महोल्ट्झ यानें 1850 सालीं बेडकाच्या तंतूवर प्रयोग करून तो मोजला, आणि तो निघाला सेकंदास अवघा 27 मीटरांच्या आसपास! माणसाच्या हातांतील जाड तंतूंत, ज्यांवर चरबीसारख्या द्रव्याचें वेष्टन असतें, तो 50 ते 60 मीटर भरतो; म्हणजे ताशीं सुमारें 200 किलोमीटर. वेदनेच्या बारीक, वेष्टन नसलेल्या तंतूंत मात्र तो सेकंदास जेमतेम एक मीटर. एक आगगाडी, तर दुसरी बैलगाडी. म्हणूनच बोटास ठेंच लागतांच 'लागलें' हें आधीं कळतें, आणि खरी ठणक मागाहून येते.

तव्याचा चटका बसतांच हात मागें येतो, तो मेंदूस विचारून नव्हे. कातडीकडून निघालेली बातमी मज्जारज्जूंत शिरते, तेथेंच एक-दोन पेशींशीं बोलून उलट पावलीं स्नायूंकडे जाते आणि कोपर वांकतें. मेंदूस वर्दी मागाहून मिळते. यास प्रतिक्षिप्त क्रिया म्हणतात. निसर्गाची ही तरतूद कौतुकास्पद खरी. परंतु ती आधीं चटका बसल्याशिवाय जागी होत नाहीं. तव्यावर क्षणभराचा स्पर्श परवडतो. प्रेसखालीं परवडत नाहीं.

डोळ्यांनीं धोका पाहून हात काढून घेणें ही निराळी गोष्ट. तेथें बातमी डोळ्याच्या पडद्यावरून मेंदूच्या मागील भागांत जाते, तेथें तिचा अर्थ लागतो, काय करावें तें ठरतें, मग हालचालीच्या केंद्रांतून हुकूम सुटतो, मज्जारज्जूंतून उतरतो व दंडाच्या आणि पुढच्या हाताच्या स्नायूंस पोहोंचतो. (बोटांत वांकविणारे स्नायु नसतातच, हें पुष्कळांस ठाऊक नसतें, ते तळहातांत व मनगटाच्या वर असतात, आणि बोटें दोऱ्यांनीं ओढल्यासारखीं हलतात.) ताजातवाना, तरुण, केवळ एका दिव्याकडे टक लावून बसलेला माणूस दिवा लागतांच बटण दाबण्यास सुमारें पांचवा हिस्सा सेकंद घेतो. बक्षिसाच्या लोभानें वा शिक्षेच्या भयानें हा काळ थोडासा घटेल. निम्मा होणार नाहीं.

आतां प्रेसकडे पाहूं. मिनिटास 60 फेरे घेणारी प्रेस घेतली, तर वरचा पंच खालच्या डायीवर येण्यास अर्धा सेकंद लागतो. 120 फेरे असतील, तर पाव सेकंद. पंच निघाला हें दिसून हुकूम हातापर्यंत येतो तोंच यांतील पांचवा हिस्सा सेकंद संपतो, आणि हात डायीबाहेर काढण्यास लागणारा वेळ अजून शिल्लकच असतो. त्यांतून जुन्या, चावीच्या क्लचच्या प्रेसची तऱ्हा अशी कीं, एकदां क्लच लागला म्हणजे फेरा पुरा होईपर्यंत ती थांबत नाहीं. पेडलवरून पाय काढला तरी नाहीं. ती चावी झिजली, तर एका दाबांत दोन फेरेही पडतात. या हिशेबांत सावधपणास जागा उरते कोठें?

यावर अनुभवी माणसें म्हणतील, "जुन्या कामगाराचा हात चुकत नाहीं." या म्हणण्याचा थोडा विचार केला पाहिजे, कारण त्यांत अर्धें सत्य आहे. नवा कामगार प्रत्येक तुकड्याकडे पाहतो. पुढें सरावानें तेंच काम मोठ्या मेंदूच्या खोल भागांतील केंद्रें आणि लहान मेंदू यांच्या अंगवळणीं पडतें, आणि हात व पाय एका तालांत आपोआप चालूं लागतात. सायकल चालविणें, पोळी लाटणें हीं याच जातीचीं कामें. परंतु एखादा तुकडा डायींत अडकतो. डोळा तो पाहतो, हात तो सरळ करावयास आंत जातो. आणि पाय मात्र आपल्या तालावर असतो. त्याचा हुकूम आधींच सुटलेला असतो. सुटलेला हुकूम मागें घ्यावयासही मेंदूस पुन्हां सुमारें पांचवा हिस्सा सेकंद लागतो. अशा वेळीं जो अपघात होतो, त्यास 'कामगाराचा निष्काळजीपणा' असें नांव देऊन मोकळें होणें हें मला अन्यायाचें वाटतें. ज्या सरावासाठीं त्यास शाबासकी मिळत होती, तोच सराव येथें त्याच्यावर उलटला. रात्रपाळीची गोष्ट तर सांगावयासच नको. झोंप अपुरी असलेल्या माणसाच्या प्रतिक्रियांत मधूनच अर्ध्या सेकंदाहून मोठी खांच पडते, आणि ती पडली हें त्याचें त्यासही कळत नाहीं.

तेव्हां उपाय यंत्राच्या बाजूनेंच हवा. डायीसमोर असें कुंपण कीं, पत्रा आंत जाईल पण बोट जाणार नाहीं, हा सर्वांत साधा व उत्तम. 1948 च्या कारखाने कायद्यानें कलम 21 मध्यें धोक्याच्या भागांस भक्कम कुंपण हवें असें लिहिलें, तें उगाच नव्हे. दुसरा उपाय दोन बटणांचा: दोन्ही हात बटणांवर असल्याखेरीज पंच हलत नाहीं. यांतही एक बटण चिकटपट्टीनें कायमचें दाबून ठेवण्याची युक्ति लोक काढतात. तुकड्यांवर मजुरी असली म्हणजे ती काढावीशी वाटते, हेंही समजूं शकतें. म्हणून चांगल्या रचनेंत दोन्ही बटणें अर्ध्या सेकंदाच्या आंत दाबलीं गेलीं तरच प्रेस चालते, आणि प्रत्येक फेऱ्यास तीं नव्यानें सोडून दाबावीं लागतात. तिसरा उपाय प्रकाशाच्या पडद्याचा. हात आंत जातांच किरण अडतो व यंत्र थांबतें. येथेंही शरीराचेंच गणित वापरतात: हाताचा वेग सेकंदास 1.6 मीटर धरला, आणि यंत्र थांबण्यास पांचवा हिस्सा सेकंद लागत असला, तर पडदा डायीपासून निदान 32 सेंटिमीटर दूर हवा. चावीच्या क्लचवर हा पडदा लावणें म्हणजे शुद्ध देखावा; कारण जें यंत्र मध्येंच थांबूंच शकत नाहीं, त्यास थांबविण्याची आज्ञा देऊन काय होणार?

गेलेल्या बोटाबरोबर नुसतें मांस व हाड जात नाहीं. मेंदूच्या पृष्ठभागावर शरीराचा एक नकाशाच असतो. पेनफील्ड यानें 1937 सालीं तो प्रसिद्ध केला. त्यांत हाताच्या वांट्यास आलेली जागा साऱ्या धडाहून मोठी आहे. बोट गेलें तरी नकाशांतील त्याची जागा लगेच पुसली जात नाहीं. म्हणून नसलेलें बोट खाजतें, आंखडतें, दुखतें. अमेरिकेंतील वियर मिचेल यानें अशा अवयवास 1871 सालीं 'भुताचा अवयव' म्हटलें. घरांतील मंडळींनीं हें मनाचे खेळ म्हणून हंसण्यावारी नेऊं नये. तें दुखणें खरें असतें. हातांतील तुटलेला तंतु शिवला, तर तो पुन्हां वाढतो, पण दिवसास सुमारें एक मिलिमीटर. मनगटापाशीं तुटलेल्या तंतूस बोटाच्या टोंकापर्यंत पोहोंचावयास सहा महिने लागतात, आणि पोहोंचला तरी पूर्वींचा सूक्ष्म स्पर्श क्वचितच परत येतो. मज्जारज्जूंतील तंतूंस तर एवढेंही साधत नाहीं.

शेवटीं, जें ठाऊक असावें अशी एक गोष्ट. बोट तुटलेंच, तर जखमेवर स्वच्छ कापड घट्ट दाबून धरावें व हात उंच ठेवावा. तुटलेला भाग स्वच्छ ओलसर कापडांत गुंडाळून प्लास्टिकच्या पिशवींत घालावा, पिशवीचें तोंड बंद करावें आणि ती पिशवी बर्फ घातलेल्या पाण्यांत ठेवावी. बोट थेट बर्फांत कधींही ठेवूं नये, त्यानें पेशी गोठून मरतात. चेंगरलेलें बोट पुष्कळदां जोडतां येत नाहीं, पण तो निर्णय शस्त्रवैद्याचा. आपण तें टाकून देऊं नये. आणि अपघात किती वाजतां झाला, तें पिशवीवर लिहून ठेवावें.